आधी रिकामी रायफल

डिचोली

चि. भाचीस,

तू रायफल नेमबाजी शिकायला निघालीस, याचा फार आनंद झाला. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतली नेमबाजी तुझ्याच पेडणे तालुक्यात, मांद्र्याला झाली. हा खेळ आता आपल्याला परका नाही. शेतराखणीची बंदूक घरात असलेले म्हणतील, यात शिकायचं ते काय? पण रानडुकराला हाकलणं वेगळं आणि दहा मीटरवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर साठ वेळा नेम धरणं वेगळं. म्हणून माझं सांगणं एकच आहे: सुरुवातीला गुण मोजू नकोस, रिकाम्या रायफलीवर हात बसव.

यामागे साधं गणित आहे. मागची साइट आणि पुढची माशी यांच्यात पाऊण मीटर अंतर धर. दोन्ही नीट जुळलेल्या असताना सबंध रायफल अर्धा मिलिमीटर बाजूला सरकली, तर छर्राही तेवढाच सरकतो आणि गुण दहाच पडतात. पण माशी मागच्या साइटच्या वर्तुळात अर्धा मिलिमीटर कलली, तर कागदावर ती चूक तेरापट होते. छर्रा साडेसहा मिलिमीटर दूर लागतो आणि दहाचे आठ होतात. नवशिक्याचा डोळा काळ्या लक्ष्यावर खिळलेला असतो. रायफल डोलताना दिसली की तो घाबरतो, ठिपका समोर आला रे आला की ट्रिगर खेचतो आणि त्या हिसक्यानेच माशी कलते. डोलणं कोणाचंच पूर्ण थांबत नाही. तेव्हा नजर माशीवर ठेव, बोटाचं पेर सरळ मागे दाबत राहा आणि चाप सुटल्यावरही क्षणभर साइटमधून पाहत राहा. शेवटच्या क्षणी माशी कुठे गेली ते तिथे दिसतं. छर्रा भरलेला असला की लक्ष कागदाकडे पळतं आणि नेमकं हेच निसटतं.

उभं राहण्याचंही तेच. रायफलीचं वजन स्नायूंनी पेलायचं नसतं. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून ते वजन हाडांवर सोडायचं. नेम धर, डोळे मीट, दोन श्वास घे, डोळे उघड. माशी डावीकडे गेलेली दिसली तर हाताने ओढून आणू नकोस, पावलं हलव. हाताने ओढलेला नेम थकव्याबरोबर परत जातो. श्वास सोडून थांबल्यावर सात-आठ सेकंदांत चाप सुटला नाही, तर रायफल खाली घे. हे खाली घेणं शिकायला फार धीर लागतो.

कागदाशिवाय चूक कळणार कशी, असं तू विचारशील. शंका रास्त आहे. नुसत्या रिकाम्या सरावात चूकही पक्की होऊ शकते. म्हणून अधूनमधून पाच छर्रे मारावेत, पण मधला ठिपका न पाहता पाचांचा पसारा पाहावा. भोकं एकत्र पण बाजूला असतील तर साइट फिरवायची. विखुरलेली असतील तर दोष उभं राहण्यात किंवा बोटात आहे. बरोबरीच्या मुली दहा मोजत पुढे जातात म्हणून वाईट वाटेल, पण एका दहाला या खेळात किंमत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकला 600 पैकी 597 गुण घेऊन जगज्जेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 590 गुणांनी, सातव्या क्रमांकावर, अंतिम फेरीत आला आणि कांस्यपदक घेऊन गेला. साठ गोळ्यांत तीन किंवा दहाच गुण गमवायचे, तर साठही वेळा सगळं सारखंच करावं लागतं.

महागड्या रायफलीचा हट्ट आत्ताच धरू नकोस. मात्र स्प्रिंगची एअर रायफल रिकामी सोडू नये, ती बिघडते. रिकाम्या सरावाची सोय असलेलीच रायफल प्रशिक्षकांकडून माग. रिकामी आहे हे दर वेळी स्वतः उघडून पाहा आणि नळी लक्ष्याकडेच ठेव.

पुढच्या पत्राबरोबर पाच-पाच छर्र्यांचे कागद पाठव. त्यावर बेरीज लिहू नकोस.

तुझा मामा