सगळे भाग एकाच गाडीचे घ्या

प्रश्न : ब्रिटनमध्ये स्वतः स्पोर्ट्‌स कार बांधतो आहे. भाग एका जुन्या गाडीचे आणि इंजिन दुसऱ्या, जास्त ताकदीच्या गाडीचं घेऊ का?

उत्तर : नको. उदाहरणार्थ, १९८९ ची माझदा एमएक्स-५ साधारण ९५० किलोंची, ११५ अश्वशक्तीची. तेच इंजिन नळ्यांच्या हलक्या सांगाड्यात, एकूण ६०० किलोंत बसलं, तर टनामागे १२० ऐवजी १९० अश्वशक्ती मिळते. परकं इंजिन आणलंत, की गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि मुख्य म्हणजे वायरिंगचं ते जाडजूड जुडगं जुळवत बसावं लागतं. अर्धवट राहिलेल्या किती चांगल्या गाड्या तिथेच अडतात! जुनं इंजिन थकलेलं असेल, ही शंका रास्त आहे. पण रिंगा, बेअरिंग बदलता येतात. स्प्रिंगा मात्र जुन्या वापरू नका, हलक्या गाडीला त्या फार कडक पडतात. ब्रेकचा पुढचा-मागचा समतोलही आयव्हीए तपासणीआधी (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायला लागणाऱ्या मंजुरीची तपासणी) नव्याने जुळवून घ्या.