‘रॉकेट’ इंजिन : चित्रातले आणि संग्रहालयातले

आगगाडीचा पाठ चालू असता आपल्या शाळांतून एक वाक्य हमखास कानी पडते : “जॉर्ज स्टीफन्सन याने आगगाडीच्या इंजिनाचा शोध लावला.” मुले ते पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात व त्याबद्दल पूर्ण गुणही मिळवितात. हे विधान बरोबर नाही. वाफेच्या बळावर रुळांवरून भार ओढणारे इंजिन रिचर्ड ट्रेव्हिथिक याने वेल्समधील पेनीडॅरन येथे १८०४ सालीच चालवून दाखविले होते. ज्या ‘रॉकेट’चे चित्र या पाठाशेजारी बहुधा असते, त्याची घडण मुख्यतः जॉर्जचा पुत्र रॉबर्ट याच्या देखरेखीखाली न्यूकॅसल येथील कारखान्यात झाली, आणि त्यातील सर्वांत महत्त्वाची कल्पना हेन्री बूथ या रेल्वे कंपनीच्या कारभाऱ्याने सुचविली होती. तेव्हा हा पाठ कसा मांडावा, याचा थोडा विचार करू.

१८२९ साली लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग तयार होत आला होता. परंतु त्यावर गाड्या ओढाव्यात कशाने, याविषयी संचालकांत एकमत नव्हते. जागोजागी स्थिर इंजिने बसवून दोरांनी गाड्या ओढाव्यात, असे काहींचे म्हणणे होते. अखेर ५०० पौंडांचे बक्षीस लावून चालत्या इंजिनांची परीक्षा घेण्याचे ठरले. ६ ऑक्टोबर १८२९ पासून रेनहिल येथे ही परीक्षा झाली. इंजिनाने आपल्या वजनाच्या तिप्पट भार ताशी १० मैल वेगाने ओढावा आणि दीड मैलाच्या पट्ट्यावर येरझारा घालून लिव्हरपूल-मँचेस्टर प्रवासाइतके अंतर तोडावे, अशा अटी होत्या. पाच स्पर्धक उतरले. त्यांतील एकाच्या यंत्रात चक्क घोडा चालत होता! उरलेल्यांपैकी कोणाचे नळ फुटले, कोणाचे सिलिंडर तडकले. परीक्षा पूर्ण केली ती एकट्या ‘रॉकेट’ने. भार नसताना त्याने ताशी सुमारे ३० मैलांचा वेग गाठला. रॉबर्ट त्या वेळी अवघा पंचविशीचा होता.

‘रॉकेट’ टिकले, ते कशामुळे? आपल्या घरांतील पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब मुलांच्या परिचयाचा असतो. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी, अशी त्याची रचना. पूर्वीची बरीच इंजिने म्हणजे आडवा केलेला बंबच होय : पाण्याच्या पिंपातून एकच जाड नळी गेलेली. ‘रॉकेट’च्या सुमारे सहा फूट लांबीच्या पिंपातून मात्र प्रत्येकी ३ इंच व्यासाच्या २५ तांब्याच्या नळ्या नेल्या होत्या. भट्टीतील तप्त वायू या नळ्यांतून धुराड्याकडे जात.

याने काय साधले, हे वरच्या वर्गाकडून गणितानेच काढवून घ्यावे. ३ इंच म्हणजे पाव फूट. एका नळीचा परीघ २२/७ × १/४ फूट. त्यास लांबी ६ फुटांनी गुणले असता पृष्ठफळ सुमारे ४.७ चौरस फूट येते, आणि २५ नळ्यांचे मिळून सुमारे ११८ चौरस फूट. आता या २५ नळ्यांच्या तोंडांचे जितके क्षेत्रफळ, तितक्याच तोंडाची एकच नळी घेतली तर तिचा व्यास १५ इंच भरेल, आणि पृष्ठफळ होईल केवळ २३.६ चौरस फूट. वायूस जाण्यास वाट तेवढीच. पण पाण्यास भिडणारे तापते अंग पाचपट! हे उदाहरण फळ्यावर सोडवून घेतले, म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि परीघ व्यासाच्या प्रमाणात वाढतो, हे सूत्र मुलांना निराळे घोकावे लागत नाही. (फ्रान्समध्ये मार्क सेग्वाँ यानेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे असेच बॉयलर बनविले होते, हे सांगण्यास विसरू नये.)

दुसरी योजना म्हणजे दट्ट्या ढकलून मोकळी झालेली वाफ धुराड्यात सोडण्याची. ती जोराने वर जाताना भट्टीतील हवा आपल्याबरोबर ओढून नेते व निखारे फुलतात. लोहाराच्या भात्याला हालवावयास माणूस लागतो. येथे इंजिन जितके धावेल, तितका त्याचा वारा आपोआप वाढतो.

१५ सप्टेंबर १८३० रोजी हा मार्ग समारंभपूर्वक खुला झाला. त्याच दिवशी पार्कसाइड येथे विल्यम हस्किसन हे लिव्हरपूलचे पार्लमेंट-सदस्य ‘रॉकेट’खाली सापडून जबर जखमी झाले आणि रात्री मृत्यू पावले. विजयाची कथा सांगताना हा भाग गाळू नये.

यापुढील कथा पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. मला तर तीच अधिक बोधप्रद वाटते. चित्रातील ‘रॉकेट’ पिवळेधमक असते, धुराडे पांढरे असते आणि सिलिंडर तिरपे, वर उचललेले असतात. रेनहिल येथे ते तसेच होते. परंतु तिरप्या सिलिंडरांमुळे धावताना इंजिन डोलू लागे. म्हणून लवकरच ते खाली आणून जवळजवळ आडवे बसविण्यात आले. पुढील बाजूस धुरपेटी आली. १८३० सालीच त्याच कारखान्यातून निघालेल्या ‘प्लॅनेट’ जातीच्या इंजिनांनी ‘रॉकेट’ला मागे टाकले. १८३६ साली ते विकले गेले आणि कंबरलंडमधील ब्रॅम्प्टनच्या खाणींच्या लोहमार्गावर काही काळ राबले. १८४० च्या सुमारास ते बंद पडले व वीस वर्षे पडून राहिले. १८६२ साली ते लंडनच्या पेटंट ऑफिस संग्रहालयास देण्यात आले. आजच्या विज्ञान संग्रहालयाचा उगम त्यातूनच झाला. तोवर त्याचे कित्येक भाग नाहीसे झाले होते.

येथे जपणूक करणाऱ्यांपुढे एक प्रश्न उभा राहतो. नवे भाग बसवून, पिवळा रंग देऊन ते पुन्हा १८२९ सालचे करावे, की जसे हाती आले तसे राखावे? पहिला मार्ग मोहक आहे; परंतु तसे केले असते तर सिलिंडर खाली आणल्याच्या, दुरुस्तीच्या, अपघातांच्या साऱ्या खुणा पुसल्या गेल्या असत्या. आज ते काळपट, ओकेबोके, अपुरे दिसते, आणि तेच योग्य आहे असे माझे मत आहे. १९९९ साली तज्ज्ञांनी त्याचे भाग सोडवून बारकाईने तपासणी व मोजमाप केले. रंगरंगोटी करून नवे केलेल्या यंत्रावर अशा तपासणीस फारसे काही उरले नसते. धावणारे ‘रॉकेट’ पाहण्याची हौस भागविण्यासाठी १९७९ साली, १५० व्या वर्षानिमित्त, निराळी प्रतिकृती बांधण्यात आली. मूळ यंत्र दीर्घ काळ लंडनला राहिले. २०१९ साली ते यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात नेण्यात आले.

आपल्याकडील धागाही सांगावा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी ज्या ‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ इंजिनांनी ओढली, ती लँकेशायरमधील न्यूटन-ली-विलोज येथील व्हल्कन फाउंड्रीत बनली होती. हे गाव ‘रॉकेट’ ज्या मार्गावर धावले त्याच मार्गावर आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे सल्लागार अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन, आणि येथे प्रत्यक्ष काम पाहणारे जेम्स बर्कली हे त्यांचेच शिष्य. त्या तीन इंजिनांपैकी एकही आज आपणास पाहावयास मिळत नाही.

पाठानंतर मुलांना एक काम द्यावे. घरची किंवा शेजारची जुनी बैलगाडी, नांगर, जाते यांपैकी एखादी वस्तू पाहून यावे आणि वहीत दोन रकाने आखावेत : मूळचा भाग कोणता, मागाहून बदललेला कोणता. ‘रॉकेट’ची मोठी चाके लाकडाची असून त्यांवर लोखंडी धाव चढविलेली होती, तेव्हा गाडीच्या चाकापासूनच आरंभ करणे सोयीचे. तुंबा आजोबांच्या वेळचा, आरे दोनदा बदललेले, धाव तीन वर्षांपूर्वी चढविलेली, अशी उत्तरे येतील. कोणता भाग का बदलला, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून त्यापुढे लिहावयास सांगावे. ज्या घरी अशी वस्तू नसेल, त्या मुलास शाळेच्या घंटेची अथवा जुन्या दप्तर-पेटीची नोंद करावयास द्यावी.