बाळगुटीतले जायफळ

श्रीखंड असो, बासुंदी असो की पुरणपोळी, चिमूटभर जायफळ किसून घातल्याशिवाय सुगरणीचे समाधान होत नाही. तेवढ्याने कोणाला अपाय होत नाही. प्रश्न आहे तो सहाणेवर उगाळून तान्ह्या बाळाला चाटवल्या जाणाऱ्या जायफळाचा.

जायफळाचे मूळ घर इंडोनेशियातील बांदा बेटे. कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत हे झाड चांगले येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याची ‘कोकण सुगंधा’ ही जात काढली आहे. पिकलेले फळ उकलले की बीवर लाल जाळी दिसते, ती जायपत्री. बीचे कवच फोडल्यावर निघते ते जायफळ. (पश्चिम आफ्रिकेच्या जंगलात मोनोडोरा नावाचे झाड आहे. त्याच्या बियांना असाच वास येतो आणि तेथील लोक त्या रश्शात घालतात. कूळ मात्र आपल्या सीताफळाचे!)

जायफळाच्या तेलात मिरिस्टिसिन हे द्रव्य असते. झोपेसाठी म्हणून मोठ्या माणसाने पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक अख्खे जायफळ, एकदम घेतले तर काही तासांनी छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, चक्कर येते, भास होतात. हा त्रास दिवसभरही टिकतो. मग चार किलोच्या बाळाचे काय? सहाणेवरच्या दोन वेढ्यांत नेमके किती उतरले, हे आजीलाही सांगता येणार नाही.

सर्वांत धोक्याची वेळ जुलाबाची. जायफळ दिले, बाळ निजले, आता बरे वाटेल, असे घरच्यांना वाटते. पण गुंगीतले बाळ दूध ओढत नाही आणि अंगातले पाणी तर कमी होतच असते. टाळू खोल गेली, डोळे आत गेले, लघवी कमी झाली, हाक मारूनही बाळ नीट जागे होत नसेल, तर ती झोप नव्हे. त्याच पावली रुग्णालय गाठावे.

जुलाब होत असताना अंगावरचे दूध बंद करू नये. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून ते क्षारपाणी चमच्याचमच्याने पाजावे. झिंकच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून चौदा दिवस द्याव्यात. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय गुटी, मध, साखरपाणी काहीही नको. सासूबाई रागावल्या तर हे कात्रण त्यांना वाचून दाखवावे.