सरकारी कामावरचा रोज : कागदावर किती, हातात किती?

सोलापुरात कोणत्याही साइटवर रोज विचारा, मुकादम आपला भाव सांगतो. सरकारी कामावर आधी विचारायचं ते हे, की काम कोणत्या खात्याचं? महापालिका, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम यांचं असेल तर राज्याचं किमान वेतन लागू. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून गेल्या वर्षीचा कागद दाखवून भांडू नये. रेल्वे किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या कामाला केंद्राचा दर. 1 ऑक्टोबर 2024 च्या यादीप्रमाणे बांधकामावरच्या अकुशल मजुराला पुण्यात दिवसाला 783 रुपये, ‘ब’ वर्गातल्या सोलापूर शहरात 655 होते. गवंडी, फिटर यांचा दर याहून चढा. अमेरिकेत 1931 पासून सरकारी कामावर त्या भागातला चालू दर द्यावा लागतो. आपल्याकडे फक्त किमान दराची हमी आहे. गवंड्याला बाजारात जास्त मिळत असेल तर ते त्यानेच ठरवून घ्यायचं.

हातात येताना पैसे गळतात कुठे? पीएफ लागू असेल तर 12 टक्के, ईएसआय असेल तर 0.75 टक्के कापणं रीतसर. मालकाचा वाटाही मजुराच्याच रोजातून काढणं मात्र बेकायदा. मुकादमाचं ‘कमिशन’ही तसंच. दिल्लीतल्या एशियाड स्पर्धेच्या बांधकामांवर 9 रुपये 25 पैशांच्या रोजातून जमादार रुपया काढून घेत. त्याच प्रकरणात 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर राबवणं म्हणजे वेठबिगारीच, असा निकाल दिला. जादा तासांना दुप्पट दर लागतो, तो तर कोणी मागतही नाही.

मक्तेदाराने पैसे बुडवले आणि कामावर पन्नास किंवा अधिक कंत्राटी मजूर असतील, तर काम काढणाऱ्या खात्याने ते द्यायचे आणि मक्तेदाराकडून वसूल करायचे. ‘आमचा संबंध नाही’ हे साहेबांचं उत्तर ऐकून परत फिरू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. रोज 100 रुपये कमी, 26 दिवस, म्हणजे फरक 2,600. त्यावर भरपाई 26,000 पर्यंत. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असला, तरी तुम्ही तिथे कामाला होता हे दाखवायला हजेरीचा फोटो, बँकेची नोंद आणि कामाच्या फलकाचा फोटो जपून ठेवा. राज्याच्या कामाची तक्रार सोलापूरच्या सहायक कामगार आयुक्तांकडे करा, रेल्वे-महामार्गाची केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे.