क्षय बरा झाल्यावरचा खोकला
२०२३ मध्ये सुरू झालेल्या क्षयमुक्त पंचायत अभियानात ब्रह्मपुरी तालुक्यातील सरपंचांपुढे एक प्रश्न येऊ शकतो : उपचार पूर्ण होऊनही जो खोकतो, तो क्षयरोगी समजावा काय?

अनेकदा तो ब्राँकिएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिकांचा कायमचा विस्फार असतो. लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१९ मध्ये त्याचे वर्णन केले. क्षयाने झिजलेल्या नलिका रुंदावतात, त्यांत कफ साचतो, जंतू वाढतात आणि भिंती आणखी झिजतात. हा विकार संसर्गजन्य नाही. रुग्णाची भांडी वेगळी ठेवण्याचे कारणच नाही. (क्षयातही ते नसते.) तथापि क्षय उलटूही शकतो. म्हणून थुंकीची तपासणी आधी. केवळ खोकल्यावरून क्षयाच्या गोळ्या पुन्हा चालू करणे गैर.

रुंदावलेली नलिका पूर्ववत होत नाही. परंतु डॉक्टरांनी दाखविल्याप्रमाणे रोज कुशीवर पडून कफ काढल्यास त्रास आटोक्यात राहतो. थुंकीत रक्त दिसताच मात्र रुग्णालय गाठावे.