मोड, घडणावळ आणि तीन टक्के

पोरी, शनिवारी चिपळूणला सोनं बघायला जाणार म्हणतेस, तर अलोऱ्याहून एसटीत बसायच्या आधी दहा मिनिटं माझ्याजवळ बस. कोयना प्रकल्पाच्या कचेरीत माझा जन्म हिशेबात गेला, म्हणून सांगतो. दागिना सगळेच निरखून बघतात, बिल कुणी बघत नाही.

1 जुलै 2017 पासून सोन्याचांदीवर तीन टक्के जीएसटी आहे. व्हॅटच्या दिवसांत हाच कर एक टक्क्याच्या आसपास होता. नाणं घे, वळं घे नाहीतर बांगडी घे, दर तोच. पण तो बसतो कशावर, ते बघ. समज, तोळ्याला लाख रुपये (हा तोळा दहा ग्रॅमचा बरं का, माझ्या आजीचा साडेअकराच्या वर होता). लाखाच्या नाण्यावर तीन हजार कर. त्याच वजनाच्या बांगडीवर बारा टक्के घडणावळ लागली की रक्कम 1,12,000 होते आणि कर 3,360. मोडताना घडणावळही येत नाही आणि करही येत नाही. म्हणून अडीनडीला ठेवायचं सोनं नाण्यात घे, अंगावर घालायचं तेवढंच दागिन्यात. नाणं शक्यतो सराफाकडूनच घे; बँक विकते, पण परत घेत नाही.

मोड घालणार असशील तर नीट ऐक. तुझ्या जुन्या पाटलीचे ऐंशी हजार वळते झाले तरी कर वरच्या बत्तीस हजारांवर नाही, नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो. तिथे हुज्जत घालू नको, सराफ बरोबर असतो. तू घरची जुनी पाटली विकतेस, त्यावर मात्र तुला जीएसटी नाही. आणि घटीचा हिशेब तोंडी ऐकू नको, कागदावर माग.

थोरल्याच्या लग्नात मी कच्च्या चिठ्ठीवर पाटल्या घेतल्या होत्या. कर वाचला म्हणून खूश होतो. पुढे मोडायला गेलो, तर त्याच दुकानात सोनं कमी कसाचं ठरलं. दाखवायला हातात कागद नव्हता. वाचलेल्या कराच्या कितीतरी पट घट सोसली.

बिलावर जीएसटी नंबर बघ. आपल्या महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो. लहान सराफ जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला वेगळा जीएसटी लावताच येत नाही, लावला तर विचार. दुकानातलंच भिंग मागून घे आणि बांगडीच्या आतल्या अंगाला बघ: बीआयएसचा त्रिकोण, 22 कॅरेट 916 आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी. तो तिथेच उभी राहून बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाक. हॉलमार्कचे नगाला 45 रुपये आणि त्यावर 18 टक्के लागतात. त्याहून फार जास्त मागितले तर का, ते विचार. दोन लाख किंवा त्यावर रोख देऊ नको, सराफाला ती घेताच येत नाही. खरेदी त्यावर गेली तर पॅन लागतं.

देव्हाऱ्यातले राजाछाप रुपये मात्र मोडीत घालू नको. 1940 च्या आधीचे आहेत, त्यात चांदी जवळजवळ 92 टक्के. त्यानंतर 1945 पर्यंतच्यांत निम्मीच.

आणि घरी आल्यावर पहिल्यांदा बिलाची झेरॉक्स काढ. मशीनमधून निघतो त्या गुळगुळीत कागदावरची शाई आपल्या दमट हवेत वर्ष-दोन वर्षांत उडते.