पाटल्या राहू देत, तोंड उघड

रत्नागिरी,
नागपंचमी

चि. सोनूस,


काल तुझ्या आईचा फोन आला होता. नारळ उतरवले का, पावसानं वई पडली का, असं सगळं विचारून झालं आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "वन्सं, पाटल्यांवर सोनेतारण कर्ज किती मिळेल हो?" खोदून विचारलं तेव्हा कळलं. तुझ्या जर्मनच्या परीक्षेत बोलण्याचा भाग दुसऱ्यांदा राहिला, आणि आता तू ऐंशी हजारांचा कुठलासा 'खात्रीचा' क्लास लावणार आहेस.

अगो, त्या पाटल्या आमच्या आईच्या. तौक्ते वादळात बाग आडवी झाली, दादाच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, औषधांना पैसे पुरत नव्हते, तेव्हाही त्या गहाण पडल्या नाहीत. त्यांना तू एका क्लासच्या पाटीवर भुलून हात लावणार?

राग येऊ दे माझा, पण ऐक. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून जो तो जर्मनच्या गोष्टी करतोय. जर्मनीला नर्सेस हव्या आहेत हे खरं. म्हणून खात्री विकणारा प्रत्येक जण खरा ठरत नाही. केरळातल्या मुली 'ट्रिपल विन' या सरकारी योजनेतून जातात, त्यांना भाषासुद्धा फुकट शिकवतात. नर्सकडूनच पैसे उकळणारा दिसला की तिथून उठावं, एवढं तरी लक्षात ठेव.

मी इथं जरा माहिती काढली. तुझ्या बी-१ परीक्षेला वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग, प्रत्येकात शंभरापैकी साठ गुण हवेत, आणि राहिलेला एकच भाग पुन्हा देता येतो. तीन तुझे झालेत. म्हणजे व्याकरण येतं, ऐकलेलं कळतं, लिहिता येतं. येत नाही ते फक्त तोंड उघडायला. आणि तू पुन्हा कुठं जाऊन बसणार, तर तीस जणांच्या वर्गात, जिथं सर बोलणार आणि तू वही भरणार! दोन क्लास करून जे आलं नाही, ते तिसऱ्यात कसं येईल?

लहानपणापासून तुझं हेच. शाळेत उत्तर येत असून हात वर करायची नाहीस, चुकलं तर हसतील म्हणून. आता जर्मन नामांचं लिंग, ते डेर, डी, डास, चुकलं तर हसतील म्हणून गप्प बसतेस. आपल्या बागेतला नेपाळी आठवतो ना? हंगामाला राखणीला आला तेव्हा त्याला 'पाणी' एवढा एकच शब्द कळायचा. 'आंबा पडली', 'वांदर आली', 'काकू गेला' असं बिनदिक्कत बोलायचा. बाया हसायच्या, तोही हसायचा. काढणी संपेपर्यंत पेटीच्या भावावरून दलालाशी मराठीत हुज्जत घालायला लागला. मिरकरवाड्याला होड्यांवरचे नेपाळी खलाशी बघ, त्यांनी कुठल्या क्लासची पावती फाडली? त्यांचं पोट बोलण्यावर होतं, म्हणून ते बोलले. आणि थिबा राजाची नात, ती टूटू. १८८६ साली इंग्रजांनी तिच्या आजोबांना ब्रह्मदेशातून इथं आणून ठेवलं. राजाची नात, पण इथल्या आयाबायांत वाढली आणि आपल्यासारखीच मराठी बोलली. भाषा शेजारपाजारानं येते गो.

तुला जर्मन शेजार नाही, हे कबूल. मग तो जमवायचा. डॉइचे वेलेचा 'निकोस वेग' म्हणून एक कोर्स आहे, ए-१ पासून बी-१ पर्यंत, सगळा फुकट. हळू वाचलेल्या बातम्याही त्यांच्याकडे असतात. पण त्या नुसत्या ऐकू नकोस. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, मोठ्यानं म्हणायचं, फोनवर रेकॉर्ड करून पुन्हा ऐकायचं. पहिले काही दिवस स्वतःचा आवाज ऐकवणार नाही. तरी ऐक.

दुसरं तुझ्या कामातलंच. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देतेस ना? सहा नंबरच्या आजींचा ताप उतरला, चारचं ड्रेसिंग झालं, दोनला रात्री झोप नाही. तेच घरी येताना बसमध्ये मनातल्या मनात जर्मनमध्ये दे. अडेल तो शब्द लिहून ठेव आणि रात्री शोध. उद्या तिकडे वॉर्डात तुला हेच बोलायचंय, क्लासमधलं 'माझा आवडता छंद' नव्हे.

तिसरं, त्या परीक्षेत दोघं जोडीनं बसतात म्हणे. आधी दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, मग एकेकानं एका विषयावर बोलायचं आणि त्यावर प्रश्नोत्तरं. हे एकटीनं कसं येणार? तुझ्यासारख्याच रखडलेल्या एकदोघी धर. रविवारी पुण्यातल्या संभाजी बागेत बसा, भेळ खा आणि गणपतीची आरास कशी करायची ते जर्मनमध्ये ठरवा. मराठीत बोलेल तिनं भेळेचे पैसे द्यायचे. इंटरनेटवर हिंदी शिकणारा कुणी जर्मन विद्यार्थी मिळाला तर अर्धा तास त्याची भाषा, अर्धा तास हिंदी, असा सौदा कर. मात्र तिथं पत्ता, पैसे, फोटो यांचा विषय निघाला की बोलणं बंद. एवढ्यात तुझा खर्च काय? इंटरनेटचा पॅक आणि भेळ. त्यासाठी पाटल्या गहाण ठेवायच्या?

मी एवढी का चिडते, ते तुला ठाऊक नाही. मी कॉलेजात असताना गावात रशियन पुस्तकांची गाडी यायची. गुळगुळीत कागद, कापडी बांधणी आणि किंमत दोन-तीन रुपये. त्यातून मी एक रशियन शिकण्याचं पुस्तक घेतलं होतं. माजघरात कंदिलापाशी बसून सगळी अक्षरं घोटली, धडे पाठ केले. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी रशियन शिकवतात असं ऐकलं आणि अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "रत्नागिरीत तू रशियन बोलणार कुणाशी?" पुढं माझं लग्न ठरलं. तुझ्या वडिलांना मात्र पुण्याला पाठवलं. दादावर माझा राग नव्हता, अजूनही नाही.

मागे आम्ही गोव्यात मोरजीला गेलो होतो. तिथं दुकानांवर रशियन पाट्या. इतक्या वर्षांनी मला त्या वाचता आल्या, आणि काय आनंद झाला म्हणून सांगू! एका दुकानात एक रशियन बाई आपल्या मुलासाठी औषध मागत होती. ती काय म्हणते ते मला अर्धं कळत होतं, पण ओठ हलेनात. काउंटरवरच्या शाळकरी पोरानं दोन मोडक्या वाक्यांत तिला हवं ते काढून दिलं. धडे मला पाठ होते गो, पण ते बोलून दाखवायला मला कुणी मिळालं नव्हतं. तुला मिळू शकतं आणि तू तोंड मिटून बसतेस, याचा मला त्रास होतो.

बरं, फार बोलले. नाइट करून आल्यावर तू पुस्तक घेऊन बसतेस, डोळे मिटायला लागले की तोंडावर पाणी मारतेस, हे तुझ्या आईनं सांगितलं. आळशीपणाचा आरोप मी तुझ्यावर स्वप्नातही करणार नाही. आणि परीक्षेचं पुसशील तर ती आज ना उद्या होईल. मला भीती वेगळीच आहे. उद्या तू त्या थंडीत एकटी असशील. तुला बरं नसेल, रडू येत असेल, आणि चुकेल या धाकानं तू शेजारणीला सांगणारच नाहीस. गुण साठ पडोत की नव्वद, 'मला बरं वाटत नाहीये' एवढं सांगायला तू लाजायला नकोस. मग मला इथं झोप लागेल.

राहिलेल्या भागाची फी मी भरते. नाही म्हणू नकोस, पेन्शन काय उरावर घेऊन जायची आहे? त्याबदल्यात एक कर. रोज रात्री साडेआठला मला फोन कर आणि मला जर्मन शिकव, अगदी पहिल्या धड्यापासून. शिकवायचं म्हणजे तुला बोलावंच लागेल, आणि माझ्यापुढं कसली आलीय लाज? मी तुझ्यापेक्षा जास्त चुकेन, तू पोटभर हस. माझी कवळी आहे, काही उच्चार नीट होणार नाहीत, तेवढं सांभाळून घे. वही मी कालच आणलीय. नाइट असेल त्या दिवशी सुट्टी, पण तसं आधी कळव, नाहीतर मी फोनपाशी बसून राहते.

जेवणाकडे लक्ष दे.

तुझी,
आत्या